वादळाभोवतीचे चमत्कारिक ढग: आकारावरून नव्हे, जागेवरून ओळखा

मेघमापक
गडगडाटी वादळाचा फोटो कुणी टाकला की खाली ठरलेली तीन नावं पडतात: मॅमॅटस, शेल्फ क्लाउड, वॉल क्लाउड. त्यातली शेवटची दोन इतकी सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात की वेगळा धागा काढलेला बरा.

घोळाचं मूळ असं की आपण आकार बघतो, आणि आकार फसवतो. आधी बघायचं ते ढग वादळाच्या कुठल्या भागाला लटकलाय. क्युम्युलोनिम्बसमध्ये, म्हणजे गडगडाटी वादळाच्या उंच ढगात, हवेच्या तीन वाटा असतात. तळाशी उबदार, दमट हवा आत शिरते आणि वर चढते. माथ्यावर ती तपस्तब्धीला (तपांबराच्या वरच्या सीमेला) अडते आणि आडवी पसरते, तीच ऐरण. आणि पावसाने गार झालेली हवा खाली आपटून जमिनीलगत बाहेर फाकते. आत शिरण्याच्या वाटेवर वॉल क्लाउड, बाहेर पडण्याच्या वाटेवर शेल्फ आणि रोल, माथ्याच्या वाटेवर टोपी, घुमट, मॅमॅटस. कुठली वाट ते कळलं की नाव बहुतेक वेळा आपोआप सुटतं.

नावांबद्दल एवढंच: जागतिक हवामान संघटनेच्या मेघ अ‍ॅटलासमध्ये लॅटिन नावं असतात. आर्कस, ट्युबा, मामा, इंकस, पायलियस ही जुनी. म्युरस, कॉडा, फ्लुमेन, व्होल्युटस, अ‍ॅस्पेरिटास, फ्लक्टस ही २०१७ च्या आवृत्तीत आली. वॉल क्लाउड म्हणजेच म्युरस, शेल्फ म्हणजे आर्कस, मॅमॅटस म्हणजे मामा, ऐरण म्हणजे इंकस. धाग्यात दोन्ही नावं चालतील.

काठावरचा
वेळेवर धागा. सध्या एक फोटो फिरतोय, ओळख पटत नाही म्हणून वर्णन देतो. काळपट, खूप खाली आलेली, डावीकडून उजवीकडे पूर्ण चौकटभर गेलेली कड. तिच्या मागे पांढुरका पडदा, बहुधा पाऊस. कडेखाली दोन टोकदार चिंध्या लोंबतायत. खाली मथळा: ‘टॉर्नेडो तयार होताना’. वॉल क्लाउड म्हणायचं का?

वावटळ
पडदा मागे आहे म्हणताय, म्हणजे ढग पाऊस आणि कॅमेरा यांच्या मध्ये. माझा कौल शेल्फला. पण आधी दोघांचं अंतर्बाह्य नीट मांडू, मग फोटोकडे येऊ.

शेल्फ क्लाउड होतो कसा? वादळातून बाहेर पडलेली गार हवा जड असते, ती जमिनीलगत पाचरीसारखी पुढे घुसते. समोरची उबदार हवा तिच्यावरून उचलली जाते, थंड होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. पाचर जेवढी लांब तेवढा ढग लांब, म्हणून शेल्फ दहा-वीस किलोमीटर सहज पसरतो, वादळांची रांग असेल तर शंभराच्या पुढेही.

तो इतका खाली का दिसतो याचं गणित सोपं आहे. ढगाच्या तळाची उंची काढायचं ढोबळ सूत्र: हवेचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५ मीटर. समोरची हवा ३३ अंश, दवबिंदू २३, फरक १०, म्हणजे तळ १२५० मीटरवर. पावसात भिजून गार झालेली हवा घ्या: २३ अंश, दवबिंदू २०, फरक ३, तळ ३७५ मीटर. पाचरीच्या नाकाशी या दोन हवा मिसळतात, त्यामुळे शेल्फची खालची कड मुख्य ढगाच्या तळापेक्षा कितीतरी खाली उतरते. त्याच्या अंगावर एकावर एक थर दिसतात, कारण आत ओढली जाणारी हवा सगळीकडे सारखी दमट नसते. प्रत्येक पापुद्रा वेगळ्या उंचीला ढग होतो.

वेगही अंदाजता येतो. गार हवेचा थर १ किलोमीटर जाड आणि भोवतालापेक्षा ८ अंशांनी थंड असेल तर ९.८ गुणिले १००० गुणिले ८, भागिले ३०० (भोवतालचं तापमान केल्विनमध्ये), आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर सेकंदाला सुमारे १६ मीटर, म्हणजे तासाला ५८ किलोमीटर. घर्षण धरलं की प्रत्यक्षात कमी भरतो, पण ढग ‘अजून लांब आहे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. दहा किलोमीटरवर दिसणारी कड पाव तासात डोक्यावर असू शकते.

ऐरण
वावटळ, उत्तम. एक भर: शेल्फ डोक्यावरून गेला की त्याचं पोट दिसतं, आणि ते पुढच्या बाजूपेक्षा जास्त भीतीदायक असतं. फाटलेलं, घुसळलेलं, हिरवट-करड्या रंगाचं. इंग्रजीत त्याला देवमाशाचा जबडा म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं आता काहीतरी भयंकर खाली उतरणार. पण वाऱ्याचा पहिला जोरदार फटका बहुतेक वेळा कडेबरोबर किंवा तिच्या जरा आधीच येऊन गेलेला असतो. जबडा दिसतोय म्हणजे तुम्ही आधीच गार हवेत उभे आहात. दाबमापक असेल तर त्यावर काटा एकदम वर उडी मारतो, कारण जड हवा डोक्यावर आलेली असते. तापमान काही मिनिटांत ५ ते १० अंशांनी उतरतं.

नवा_निरीक्षक
मग रोल क्लाउड वेगळा कसा? फोटोत दोन्ही लांब नळीसारखेच दिसतात.

ऐरण
शेल्फ मुख्य ढगाला चिकटलेला असतो, रोल सुटा. नळीच्या वर आणि मागे उघडं आकाश दिसलं की रोल. २०१७ पासून त्याला व्होल्युटस ही स्वतंत्र जात मिळाली. त्या आवृत्तीतली ती एकमेव नवी जात, बाकी सगळी जोडवैशिष्ट्यं वगैरे. वादळ मरतं पण त्याची गार हवा पुढे धावत राहते, तेव्हा तिच्या नाकावर असा रोल उरतो. आडव्या अक्षाभोवती तो संथ फिरतो. टॉर्नेडोचा अक्ष उभा, याचा आडवा. ‘आडवा टॉर्नेडो’ हे वर्णन त्यामुळे निव्वळ चुकीचं.

सगळे रोल वादळाचेच असतात असंही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तरेला, कार्पेंटारियाच्या आखातावर बर्कटाउनजवळ सप्टेंबर ते नोव्हेंबरात पहाटे ‘मॉर्निंग ग्लोरी’ येतो. केप यॉर्क द्वीपकल्पावर दोन्ही किनाऱ्यांचे समुद्री वारे एकमेकांना भिडतात आणि त्यातून लाट निघते. लांबी कधीकधी १००० किलोमीटरपर्यंत. ग्लायडरवाले त्याच्या पुढच्या, वर चढणाऱ्या बाजूला धरून तासन्‌तास उडतात.

वावटळ
आता वॉल क्लाउड. हा पावसाच्या पुढे नव्हे, पाऊस नसलेल्या तळाखाली लटकतो. सुपरसेल जातीच्या तीव्र वादळात वर चढणारा झोत स्वतःभोवती फिरत असतो. त्याच्याखाली सपाट, काळा, कोरडा तळ दिसतो. हा झोत शेजारच्या पावसातली थोडी गार पण भिजलेली हवा आत ओढतो. वरचंच सूत्र लावा: आत येणारी साधी हवा ३० अंश आणि दवबिंदू २२, तळ १००० मीटर. पावसाकडून आलेली हवा २४ आणि २१, तळ ३७५. म्हणजे तळाचा तेवढाच तुकडा सहाशे मीटर खाली उतरल्यासारखा दिसतो. तोच वॉल क्लाउड. मोठी कड नाही, एक गठ्ठा. रुंदी साधारण एक ते काही किलोमीटर.

आणि पाऊस ज्या बाजूला आहे तिकडे त्याचं शेपूट निघतं, कॉडा. शेपटातले तुकडे बघत राहिलात तर ते पावसाकडून वॉल क्लाउडकडे धावताना दिसतात. शेपूट वॉल क्लाउडच्या उंचीलाच असतं.

याच्याशी आणखी एक पट्टा घोळ घालतो: फ्लुमेन, त्यातल्या रुंद-सपाट प्रकाराला बीव्हरचं शेपूट म्हणतात. तो वॉल क्लाउडला जोडलेला नसतो, त्याहून उंचावर, मुख्य तळाच्या पातळीला असतो. उंची बघितली की दोन शेपटं वेगळी पडतात.

वॉल क्लाउड, टेल क्लाउड (शेपूट) ही नावं हवामानशास्त्रज्ञ फुजितांची. २० जून १९५७ ला अमेरिकेत फार्गो इथे झालेल्या टॉर्नेडोचे लोकांनी काढलेले फोटो गोळा करून टेड फुजितांनी वादळाचा मिनिटामिनिटाचा आराखडा मांडला, त्यात हे शब्द आले. अ‍ॅटलासला ते स्वीकारायला २०१७ उजाडलं. अधिकृत नावांची वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं, असो.

मेघमापक
उताराची खूण राहिली, ती सगळ्यांत कामाची. शेल्फ पावसापासून दूर जाताना खाली उतरतो. वॉल क्लाउड पावसापासून दूर जाताना वर चढतो. एका फोटोत पाऊस कुठे आहे एवढं दिसलं तरी ही खूण लावता येते.

काठावरचा
आणि फिरतोय की नाही हे कसं ठरवायचं? व्हिडिओत सगळंच फिरल्यासारखं वाटतं.

वावटळ
कारण ढग पुढे सरकतोय, वर चढतोय, आणि डोळा सगळ्या हालचाली एकत्र वाचतो. पद्धत अशी: एखादा खांब किंवा इमारतीची कड स्थिर खूण म्हणून पकडा. ढगाची एक ठळक चिंधी निवडा आणि निदान एक मिनिट तिचाच पाठलाग करा. मग त्याच गठ्ठ्याच्या मागच्या बाजूची दुसरी चिंधी निवडा. जवळची कड एका दिशेला आणि लांबची कड उलट दिशेला जात असेल तरच फिरणं. दोन्ही एकाच बाजूला जात असतील तर ढग नुसता सरकतोय.

उत्तर गोलार्धातले बहुतेक सुपरसेल वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतात. जमिनीवरून बाजूने बघणाऱ्याला जवळची कड डावीकडून उजवीकडे जाताना दिसते. दक्षिण गोलार्धात उलट.

टिकाऊपणा बघा. चिंध्या दोन-चार मिनिटांत रूप बदलतात. वॉल क्लाउड १०-१५ मिनिटं जागा धरून राहिला आणि फिरणं स्पष्ट असेल तर ती गंभीर गोष्ट. सगळ्या वॉल क्लाउडमधून टॉर्नेडो निघत नाही, बहुतेकांतून नाहीच. पण फिरणारा, टिकणारा, तळाशी जोरात हवा वर ओढणारा वॉल क्लाउड दिसला की कॅमेऱ्याचं काम संपलं, तिथून निघायचं.

दक्षिणवारा
दिशेबद्दल दुरुस्तीवजा भर. ‘वॉल क्लाउड नैऋत्येला असतो’ असं जे वाचायला मिळतं ते अमेरिकेच्या मैदानांवर ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळांसाठी. ते तसंच्या तसं दुसरीकडे लावू नये. लक्षात ठेवायचं ते वादळाच्या चालीच्या संदर्भात: पाऊस पुढे, वॉल क्लाउड मागच्या अंगाला. शेल्फ मात्र पुढच्या अंगाला. वादळ कुठे चाललंय हे न कळता नाव देणं म्हणजे निव्वळ पत्ते पिसणं.

नवा_निरीक्षक
मॅमॅटसबद्दल कुणी लिहिणार का? सगळ्यांत जास्त फोटो त्याचेच असतात.

कासेचा_ढग
माझं सदस्यनामच त्यावरून आहे, तेव्हा मीच लिहितो. मामा म्हणजे लॅटिनमध्ये स्तन, आणि ढग दिसतो गाईच्या कासेसारखा. ऐरणीच्या खालच्या अंगाला पिशव्या लोंबतात. एकेका पिशवीचा व्यास साधारण १ ते ३ किलोमीटर, लोंबण्याची खोली अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, एका पिशवीचं आयुष्य दहाएक मिनिटं. सगळा थवा मात्र पाव तासापासून काही तासांपर्यंत टिकतो, कारण जुन्या विरतात आणि नव्या उतरतात.

इतर ढग हवा वर चढल्याने फुगतात, हा खाली उतरताना फुगतो. उलटा टांगलेला फुलकोबी म्हणा.

कारण काय, यावर एकमत नाही, आणि जो छातीठोक एकच कारण सांगतो त्याच्याकडे जरा संशयानेच बघावं. मला सगळ्यांत पटणारं असं: ऐरणीतून बर्फाचे कण खालच्या कोरड्या हवेत पडतात. तिथे बर्फाची थेट वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून खेचली जाते. प्रमाण बघा. एक किलो हवेत एक ग्रॅम बर्फाची वाफ झाली तर त्या हवेचं तापमान सुमारे २.८ अंशांनी उतरतं. ढगाच्या तळाशी असा गार पापुद्रा तयार झाला की वर जड आणि खाली हलकी अशी अवस्था होते. पापुद्रा तुकड्या-तुकड्यांनी खाली घसरतो, सेकंदाला १ ते ३ मीटर. पण ऐरणीखालचा थर कोरडा असूनही कधीकधी मॅमॅटस होत नाही. म्हणून इतर स्पष्टीकरणंही टिकून आहेत: ऐरणीतल्या लाटा, किरणांनी होणारं थंड होणं, ऐरणीचंच खाली बसणं. बहुधा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं कारण पुढे असतं.

मॅमॅटस फक्त क्युम्युलोनिम्बसलाच येतो हेही खरं नाही. अल्टोक्युम्युलस, सिरस, विमानाचे पांढरे पट्टे, इतकंच काय, १९८० च्या सेंट हेलेन्सच्या उद्रेकात राखेच्या ढगालाही पिशव्या आल्या होत्या. बर्फाच्या सिद्धांतवाल्यांनी राखेचं उत्तर आधी द्यावं. (हो, मीही त्यातलाच.)

काठावरचा
म्हणजे मॅमॅटस दिसला की गारपीट किंवा टॉर्नेडो येणार, ही समजूत?

कासेचा_ढग
समजूतच. तो तीव्र वादळांना येतो, साध्यांनाही येतो, आणि बऱ्याचदा वादळ ओसरतानाच जास्त ठसठशीत दिसतो. पिशव्यांमधून टॉर्नेडो उतरत नाही. ती जागाच चुकीची, पिशव्या ऐरणीखाली ६-८ किलोमीटर उंचीवर आणि टॉर्नेडो झोताच्या तळाशी. वैमानिक त्याला टाळतात ते मात्र योग्य, कारण तिथे हवा घुसळलेली असू शकते आणि जवळच मोठं वादळ उभं असतं.

ऐरण
एक सावधगिरी. ऐरणीखाली पाऊस नसतो, आकाश रंगीत असतं, म्हणून लोक उघड्यावर मॅमॅटस बघत उभे राहतात. वीज ऐरणीतूनही पडते, आणि पावसाच्या सरीपासून १०-१५ किलोमीटर लांबही पडते. एकच वीज आडवी किती लांब धावू शकते याचा जागतिक हवामान संघटनेने मान्य केलेला विक्रम ८२९ किलोमीटरचा आहे, ऑक्टोबर २०१७, अमेरिका. चमक आणि गडगडाट यांच्यात ३ सेकंद म्हणजे १ किलोमीटर. ३० सेकंद किंवा कमी भरले की बंद इमारतीत किंवा पत्र्याच्या छताच्या बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच. झाड, छत्री, उघडी शेड यांतलं काहीच आसरा नाही.

बोटमोज्या
उंची आणि अंतर हाताने मोजायची पद्धत देतो, यंत्र लागत नाही. हात पूर्ण लांब करा. करंगळीची रुंदी १ अंश, मधली तीन बोटं ५ अंश, बंद मूठ १० अंश. १ किलोमीटर रुंदीची मॅमॅटसची पिशवी ७ किलोमीटर उंचीवर थेट डोक्यावर असेल तर ती ८ अंश भरते, मुठीहून जरा कमी. डोक्यावर असूनही करंगळीएवढ्याच गाठी दिसत असतील तर तो बहुधा दुसराच ढग, मॅमॅटस म्हणण्याची घाई नको.

अंतरासाठी: ऐरणीचा माथा १२ किलोमीटरवर धरा (उष्ण प्रदेशात १५ ते १८ धरावा लागतो). क्षितिजापासून माथा किती अंश वर आहे ते मुठींनी मोजा. १२ भागिले त्या कोनाचा टॅन्जंट. दोन मुठी, २० अंश: ३३ किलोमीटर. एक मूठ, १० अंश: ६८ किलोमीटर. ३ अंश: २२९ किलोमीटर.

दक्षिणवारा
शेवटचा आकडा चुकलाय. २२९ किलोमीटरवर पृथ्वीची वक्रता ४ किलोमीटर गिळते, ढगाचा तेवढा भाग क्षितिजाखाली. वक्रता धरून सोडवलं तर ३ अंशांना अंतर सुमारे १८० किलोमीटर येतं. १० अंशांना फरक नगण्य आहे, ५ अंशांखाली मात्र ढोबळ टॅन्जंट वापरू नका.

बोटमोज्या
मान्य. ५ अंशांखालचे माझे आकडे सोडून द्या.

मेघमापक
माथ्यावरच्या दोन गोष्टी राहिल्या. पायलियस म्हणजे टोपी. वाढणाऱ्या ढगाच्या डोक्यावर गुळगुळीत, पातळ, पांढरी कमान. खालचा झोत वरचा दमट, शांत थर उचलतो. अजून ढग न झालेली हवा शंभर मीटर वर गेली की जवळपास १ अंशाने थंड होते, तेवढ्यात थराला ढग धरतो. काही मिनिटांत मूळ ढग टोपी फोडून वर निघतो आणि ती गळपट्ट्यासारखी खाली राहते. थेंब बारीक आणि एकसारखे असले की टोपीवर मोत्यासारखे रंग चढतात. पायलियस दिसली म्हणजे ढग वाढीच्या जोरात आहे. अजून ऐरण नसली तरी अर्ध्या-पाऊण तासात असू शकते.

घुमट म्हणजे ऐरणीच्या सपाट माथ्यावर वर आलेला टेंगूळ. झोताला इतका जोर असतो की तपस्तब्धीला न थांबता तो स्थितांबरात घुसतो आणि मग वजनाने परत खाली बसतो. एखाद-दुसरा टेंगूळ येऊन गेला तर विशेष नाही. दहा मिनिटांहून जास्त टिकला किंवा त्याच जागी पुन्हापुन्हा आला तर खाली गारा आणि जोराचा वारा धरून चालावं. हे लांबून, बाजूनेच दिसतं. वादळाखाली उभं राहून कधीच नाही.

नवा_निरीक्षक
अ‍ॅस्पेरिटास? लाटा उसळल्यासारखा तो.

ऐरण
अ‍ॅस्पेरिटास आधी गाजला आणि मग नाव मिळालं. क्लाउड अ‍ॅप्रिसिएशन सोसायटीचे गॅव्हिन प्रेटर-पिनी यांनी पाठपुरावा केला आणि २०१७ ला तो अ‍ॅटलासमध्ये आला. समुद्राचा पृष्ठभाग खालून बघावा तसा दिसतो. मॅमॅटसशी गल्लत होते, पण यात सुट्या पिशव्या नसतात, सलग खळबळ असते. वादळ जवळ असतंच असं नाही.

फोकस_अनंत
छायाचित्रणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

शेल्फसाठी फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १४ ते २४ मिमीची लेन्स. छिद्र एफ ८, शटर सेकंदाचा १२५ वा ते २५० वा भाग, आयएसओ १०० ते ४००. उजळ कडेवर एक्स्पोजर धरा, सावल्या नंतर उचलता येतात, जळलेलं आकाश परत येत नाही. फोकस हाताने अनंतावर, कारण करड्या ढगावर ऑटोफोकस मागे-पुढे शोधत बसतो आणि नेमका क्षण जातो. व्हाइट बॅलन्स ठराविक ठेवा. ऑटोवर टाइमलॅप्समध्ये प्रत्येक चौकटीचा रंग वेगळा येतो आणि चित्र लुकलुकतं.

टाइमलॅप्सचं अंतर: शेल्फला २ सेकंद, मॅमॅटसला ५. शेल्फ २० मिनिटं टिपला तर ६०० चौकटी, सेकंदाला २५ च्या गतीने २४ सेकंदांचा व्हिडिओ. मॅमॅटसच्या तेवढ्याच वेळात २४० चौकटी, दहाएक सेकंद. मॅमॅटसला ५ सेकंदांपेक्षा कमी अंतर ठेवून काही मिळत नाही, तो सावकाश आहे.

मॅमॅटसची वेळ: सूर्य खाली असताना. प्रकाश आडवा आला तरच पिशव्यांना गोलाई येते, दुपारी नुसते करडे डाग. सूर्य मावळला की तिपाई गुंडाळू नका. १० किलोमीटरवरच्या ऐरणीसाठी तो १२-१५ मिनिटं उशिरा मावळतो.

आणि पॅनोरामा टाळा. चौकटी जोडेपर्यंत ढग सरकतो, जोड फाटतात. शिवाय पॅनोरामात सरळ शेल्फ धनुष्यासारखा वाकतो. ‘अर्धगोल ढग’ म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच फोटोंचं रहस्य तेवढंच. मोबाइलचं एचडीआर हलत्या चिंध्यांना दुहेरी कडा देतं, तेही बंद.

काठावरचा
ढग हिरवा दिसला म्हणजे आत गारा, हे तरी खरं का?

कासेचा_ढग
हिरवा ढग म्हणजे खोल, पाण्याने भरलेला ढग, एवढं म्हणता येईल. दिवस उतरताना प्रकाश तांबूस असतो, ढगातलं पाणी आणि बर्फ लाल भाग शोषतात, दोन्हींच्या मिश्रणातून हिरवट छटा येते. गारा नसतानाही हिरवा दिसतो, गारा असतानाही काळा दिसतो. गारांचा निकाल रंगावरून लावू नये.

काठावरचा
आता माझ्या फोटोकडे या. त्याचा मूळ व्हिडिओ मिळाला, १८ सेकंदांचा आहे. दोन्ही चिंध्या वर चढतात आणि कडेत विरतात. दोन्ही एकाच बाजूला सरकतात, डावीकडून उजवीकडे. शेवटच्या चार-पाच सेकंदांत वारा माइकवर आदळतो आणि झाडं कॅमेऱ्याकडे झुकतात.

वावटळ
झाडं कॅमेऱ्याकडे झुकतायत म्हणजे वारा ढगाकडून बाहेर येतोय. वॉल क्लाउड असता तर त्या जागेवर हवा बहुधा ढगाकडे ओढली गेली असती, झाडं उलट वाकली असती. चिंध्या वर चढणं दोन्हीकडे होतं, त्यावरून काही ठरत नाही, पण दोन्ही एकाच दिशेला म्हणजे फिरणं नाही. पाऊस कडेच्या मागे. कड पूर्ण चौकटभर. फक्त उतार सांगा: पावसापासून कॅमेऱ्याकडे येताना कड खाली येते की वर जाते?

काठावरचा
खाली. पुढचं ओठ सगळ्यांत खाली आहे.

वावटळ
मग शेल्फ, आणि लोंबतात त्या पॅनस, साध्या चिंध्या. मथळा बदलायला सांगा. पण १८ सेकंदांवरून ‘त्या वादळात फिरणं नव्हतंच’ असं मी म्हणणार नाही. चौकटीबाहेर, पावसामागे काय होतं ते या व्हिडिओत नाही. तिथली रडारची चित्रं कुणाकडे असतील तर वेळेसकट टाका.